आंब्याच्या दिवसांतली मोटर

यंदाही तुर्भ्याच्या रस्त्यावर पेंढा उडायला लागला. एपीएमसी मार्केटातून आंब्याच्या पेट्या बाहेर पडू लागल्या की त्यातला पेंढा निसटतो, टेम्पोंच्या मागे धावतो आणि थेट आमच्या कंपनीच्या गेटपर्यंत येतो. वॉचमन सकाळी झाडतो, दुपारपर्यंत पुन्हा तेवढाच साठतो. परवा चपलेला चिकटलेली एक काडी मी काढली आणि सवयीने हुंगली. आंब्याचा वास नव्हता, नुसता उन्हात तापलेला पेंढा होता. आणि डोक्यात आंबा यायच्या आधी मोटर आली.

तशा माझ्या डोक्यात मोटरीच असतात. मी पंपाच्या कंपनीत टेस्टिंगला आहे. मोटर बाकावर चढवायची, चालू करायची, पाणी किती चढतं ते बघायचं, उलटी फिरत असेल तर दोन वायरींची अदलाबदल करायची आणि शिक्का मारून पुढे ढकलायची. नोकरीत केस पिकले. नवीन आलेली मुलं सुरुवातीला 'मॅडम, तुम्ही बसा, आम्ही उचलतो' म्हणतात, नंतर म्हणत नाहीत. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणारी माणसं एकेक करून संपली, त्यामुळे आता उत्तर तयार ठेवावं लागत नाही. जुईनगरला राहते आणि रविवारी कोपरखैरण्याला दादाकडे जेवायला जाते.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. साताऱ्याकडून आलेली आमची बहुतेक माणसं बाजारात पाठीवर ओझी घ्यायला लागली. दादाने ओझ्याऐवजी स्टेअरिंग धरलं. स्वतःचा टेम्पो, स्वतःची गिऱ्हाइकं. वर्षभर कांदा, बटाटा, काय मिळेल ते; पण त्याचं खरं वर्ष आंब्याचं. पेट्या भरायच्या आणि कल्याण-डोंबिवलीच्या दुकानांत पोचवायच्या. देवाला हात जोडताना मी त्याला फारसं पाहिलं नाही, ते खातं वहिनीचं. पण गाडीत बसला की उजवा हात आधी स्टेअरिंगला, मग कपाळाला, मग छातीला. त्यानंतरच स्टार्टर. घाई असो, मागे दहा हॉर्न वाजत असोत, हे चुकायचं नाही. बाजारातले बहुतेक ड्रायव्हर हे करतात. दादा ते दाढी करण्याइतकं नीट करायचा.

ज्या सीझनबद्दल मी बोलते आहे त्याला आता काही वर्षं झाली. त्या वर्षी होळीच्या आसपास बाजाराच्या मागच्या रस्त्यावर दादाचा टेम्पो फुटपाथवर चढला आणि एका गुलमोहराला जाऊन धडकला. सकाळची वेळ, रस्ता रिकामा. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. लोकांनी दार उघडलं तेव्हा दादाला फिट आलेली होती, तोंडाला फेस, हात आखडलेले.

पुढे जे काही झालं ते सगळं एका क्रमावरून झालं. दादा म्हणायचा, आधी स्टेअरिंगने डावीकडे ओढलं, मग गाडी धडकली, आणि डोक्याला बसलेल्या हादऱ्याने फिट आली. डॉक्टर म्हणाले, आधी फिट, मग ओढणं, मग झाड. मेंदूचा फोटो काढला, मेंदूच्या लहरींची पट्टी काढली, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, की पुन्हा कधीही येऊ शकते, गाडी चालवायची नाही, आता कधीच नाही असंच धरून चाला. दादाने मान डोलवली. घरी आल्यावर म्हणाला, "डॉक्टरला गाडीतलं काय कळतंय? त्यो काय स्टेअरिंगवर बसला व्हता?"

मग टेम्पो बोनकोड्याला जगनच्या गॅरेजात गेला. जगन तिथलाच, गावातला. त्याने पुढचा भाग ठोकून सरळ केला, दादाच्या सांगण्यावरून स्टेअरिंगचा टाय रॉड बदलला, चाकांची अलाइनमेंट केली. गाडी घरी आली. दुसऱ्या दिवशी दादाने ती परत पाठवली. अजून ओढत असणार म्हणाला. चालवून न बघताच.

"ताई, गारीन काय पन नाय," जगन मला गॅरेजात सांगत होता. "दोनदा खोलली. सरल चालते. मी सोता पामबीच रोडला नेऊन आनली, हात सोरून चालवली."

वहिनीने त्याला हळूच विनवलं होतं की काहीतरी बिघाड आहे म्हण, पार्ट यायचाय म्हण, तेवढा सीझन जाऊ दे. जगन कानाला हात लावून म्हणाला, "वयनी, गारीचा खोटा बोलू नाय शकत. दुसरा काय पन सांगा."

आमची अडचण अशी विचित्र होती. गाडीत खोट आहे असं दादाला वाटत होतं तोवर तो घरात बसला होता. गाडी ठीक आहे हे त्याला पटलं, की तो निघणार. आणि गाडी तर खरंच ठीक होती, परत येऊन दारासमोर उभी होती.

घरात देव्हाऱ्याच्या बाजूला एक खिळा आहे, त्याला टेम्पोची किल्ली असते. मी वहिनीला म्हटलं, लपव की. ती भाकरी थापत होती, थांबली नाही.

"लपवून काय व्हनार? हा मानूस दुसरी बनवून आनंल. वर माज्याशी बोलनं टाकंल. न्हाय वन्सं, ती किल्ली त्यांच्याच हातानं खाली आली पायजे, आन् दुसऱ्याच्या हातात गेली पायजे."

दुसऱ्याचा हात तयारही होता. संतोष नावाचा ड्रायव्हर, आमच्याच गावाकडचा, स्वतःची गाडी विकून बसलेला. दर आठवड्याला येऊन विचारायचा, सीझनपुरता टेम्पो देता का, भाडं देतो. दादा त्याला चहा पाजायचा आणि नाही म्हणायचा. गाडी आणि पेन दुसऱ्याच्या हातात दिलं की बिघडतं, हे त्याचं ठरलेलं वाक्य.

त्याच दिवसांत ऋतुजाचा, म्हणजे दादाच्या मुलीचा, दुपारी कामाच्या वेळात फोन आला. ती महापेला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती.

"आत्या, ऐक ना. स्टेअरिंगला कुठली मोटर लावू?"

मला वाटलं टेम्पोला पॉवर स्टेअरिंग बसवायचं खूळ निघालं. तसं नव्हतं. तिला काँप्युटरवरच्या गाडीच्या खेळासाठी स्टेअरिंग बनवायचं होतं. पडद्यावर रस्ता, आणि हातात खरं चाक. ते चाक नुसतं फिरून चालणार नव्हतं. वळणावर हाताला जड लागलं पाहिजे, खड्ड्यात हादरलं पाहिजे, सोडलं की आपोआप सरळ झालं पाहिजे. ते सगळं एक मोटर करणार. गेममधली गाडी सांगेल तसा मोटरने हाताला जोर द्यायचा, त्याला फोर्स फीडबॅक म्हणतात.

"तयार मिळत नाही का?"

"मिळतं. पण त्या किमतीचं घरी आणलं तर मम्मी मला दाराबाहेर झोपवेल."

"आणि तू गेम कधीपासून खेळायला लागलीस?"

तिचा आवाज खाली आला. मग म्हणाली, "माझ्यासाठी नाही गं. पप्पा दिवसभर त्या किल्लीकडे बघत बसतात. हाताला काहीतरी तर पाहिजे ना त्यांच्या."

मला हे पटलं नाही, हे सांगून टाकते. तीस वर्षं रस्त्यावर काढलेल्या माणसाला खेळण्यातली गाडी देणं म्हणजे पैलवानाला भातुकलीत बसवणं. पण मोटर कुठली, हा प्रश्न चांगला होता. मला आजवर असं कुणी विचारलंच नव्हतं. पंपाला मोटर निवडताना आपण एवढंच बघतो की ती किती जोर लावते. समोरून कुणी तिला ढकललं तर ती काय करेल, हे विचारायची वेळच येत नाही.

ऋतुजाने आधी गाडीच्या वायपरची मोटर आणली. तुर्भ्याच्या भंगारवाल्याकडे ती ढिगाने असते. छोटी, स्वस्त, जोर भरपूर. मी हातात घेतली आणि परत दिली. वायपरच्या मोटरमध्ये आत स्क्रूसारखा गिअर असतो. मोटर काचेवरची दांडी फिरवते, पण दांडी धरून मोटर फिरवायला जा, हलणार नाही. ती आपलं म्हणणं सांगते आणि दुसऱ्याचं ऐकत नाही. अशा माणसांबरोबर मी कंपनीत वर्षानुवर्षं काम केलं आहे, स्टेअरिंगला ती कशाला लावायची?

नंतर जुन्या प्रिंटरमधली एक मोटर आली. ती हाताने फिरवली की कट कट करत एकेक पायरी चढल्यासारखी फिरते. अंधारात जिना चढताना पाय चाचपडतो तसं बोटांना वाटत राहतं. ऋतुजा म्हणाली, चालेल गं. मी म्हटलं, तुला चालेल, दादाला नाही. त्याच्या टेम्पोचं स्टेअरिंग जड आहे, पण त्यात पायऱ्या नाहीत.

असे रविवार जात होते. बाहेर ऊन असं की बसचा दांडा धरवत नव्हता. सेक्टरमधल्या बैठ्या घरांच्या पत्र्यांवर लोकांनी ओली पोती टाकली होती. कोपऱ्यावर आंबेवाला पेट्या मांडून बसलेला असायचा आणि गल्लीत शिरलं की घराघरांतून पिकायला घातलेल्या आंब्याचा वास यायचा, दादाचं घर सोडून. त्या घरात आंबा कधी विकत आणलेला नव्हता. बाजारातल्या माणसांच्या घरात आणत नाहीत. सीझनभर डागी फळं येतात, पेटीतली फुटलेली, दबलेली. दुकानदार घेत नाही ती ड्रायव्हरची. दादाकडे त्या डागी हापूसची आढी लागायची, रस इतका व्हायचा की वहिनी शेजारी पातेली पाठवायची. त्या वर्षी टेम्पो उभा, म्हणून डागी फळ नाही, म्हणून घरात आंबाच नाही. मी एकदा जुईनगरहून डझनभर घेऊन गेले, चांगला पिवळाधमक. वहिनीने पिशवी उघडून बघितली आणि असा चेहरा केला की मी जणू तिला तिच्याच घरात पाहुणी म्हणाले. आंबे नंतर कामवाल्या बाईकडे गेले.

दादा मात्र सकाळी उठून बाहेर जायचा, टेम्पोवरचं प्लास्टिक उचलायचा, पुढच्या चाकांपाशी उकिडवा बसून बघत राहायचा. गाडीत बसायचा नाही. मला तेव्हा वाटायचं की हा डॉक्टरांना घाबरतो आणि कबूल करत नाही. आता वाटतं, त्याला तेव्हा गाडीचीच भीती वाटत होती. इतकी वर्षं जिच्यावर पोट चाललं ती एका सकाळी उलटली, हे त्याच्या मनाला लागलं होतं. माणूस फिरला तर समजतं, गाडी अशी फिरत नाही.

मोटरीकडे परत येते. ऋतुजाचा डोळा होता त्या दोन चाकी बॅलन्सच्या फळीच्या मोटरवर. उभं राहून मॉलमध्ये पोरं फिरवतात ती फळी. तिच्या चाकातच मोटर असते, मध्ये गिअर नाही, पट्टा नाही, लोण्यासारखी फिरते. असली स्टेअरिंगं घरी बनवणारे बरेच जण तीच वापरतात म्हणाली. तिने मला व्हिडिओ दाखवले. एका व्हिडिओत चाक इतक्या जोराने फिरलं की चालवणारा हात झटकत खुर्चीवरून उठला आणि हसायला लागला.

"आणि पप्पांना बसलेले असताना फिट आली तर?" मी विचारलं.

ऋतुजाने व्हिडिओ बंद केला.

असं म्हणून मी तिला दुखावलं, पण खरेदी करताना हे बघावंच लागतं. आम्हाला अशी मोटर पाहिजे होती की जी बोलेल, पण मनगट मोडणार नाही. आणि दादाने ढकललं तर मुकाट्याने ढकलली जाईल. शेवटी ती आमच्याच कंपनीच्या सायकल स्टँडमध्ये मिळाली. एका माणसाची बॅटरीवरची सायकल गंजून पडली होती, बॅटरी मेलेली, मोटर शाबूत. जुन्या पद्धतीची, कार्बन ब्रशवाली, दोनच वायरी, लाल आणि काळी. दांडा बोटाने फिरवला की किंचित अडखळते, पण दातेरी पट्टा लावून मोठ्या चाकाला जोडली की ते अडखळणं हाताला कळत नाही. मी ती बाकावर चढवून तपासली. माझ्या लेखी तीच योग्य होती आणि आजही माझं तेच मत आहे.

चाक जगनने दिलं. दादाच्याच टेम्पोच्या जातीच्या एका भंगार गाडीचं, काळं, जिथे हात असतात तिथे झिजून गुळगुळीत झालेलं. वहिनीचं शिलाई मशीन खाली उतरवून त्या टेबलावर आम्ही सगळा डोलारा उभा केला. वहिनी येता-जाता म्हणायची, "झालं का तुमचं आत्या-भाचीचं ल्हान पोरांवानी खेळनं?" आणि स्क्रू वेचून वाटीत ठेवायची.

त्या शनिवारी जगनने दादाला शेजारी बसवलं आणि टेम्पो ऐरोलीपर्यंत नेऊन आणला. सरळ रस्त्यावर दोन्ही हात सोडून दाखवले. गाडी सुतासारखी गेली. दादा घरी आला, हात धुतले आणि वहिनीला म्हणाला, "अक्षय तृतीयेला गाडी भाईर काढतो. राहिलेला सीझन तेवढा मारतो. पुढचं पुढं."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, वहिनीचा मला सकाळीच फोन आला. नुसतं "लवकर या" म्हणाली. मी पोचले तर ऋतुजा तोंड न धुता टेबलाखाली घुसून वायरी जोडत होती. सण दोन दिवसांवर होता. खेळण्यातल्या चाकाने तिचा बाप थांबणार नाही हे तिलाही कळत होतं, पण हातात दुसरं काही नव्हतं.

आम्ही चाक चालू करून बघितलं. डावीकडे फिरलं, उजवीकडे फिरलं. माझं समाधान झालं. आता इथे एक गोष्ट झाली, जी फक्त पंपवाल्यांकडूनच व्हावी. पंप एकाच दिशेने फिरतो, म्हणून तो उलटा आहे का हे आम्ही बघतो. ही मोटर दोन्हीकडे फिरते म्हटल्यावर हिच्यात उलटं-सुलटं काय बघायचं? मी बघितलं नाही. ऋतुजाला वाटलं आत्याने बघितलं असेल.

"पप्पा, या ना. एकदा बसा."

दादा आला. तिचं मन मोडायचं नाही म्हणून आला. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला, चाकावरून हात फिरवला, झिजलेल्या जागेवर अंगठे टेकवले. मी बघत होते. त्याने हात कपाळाला लावला नाही. पडद्यावर रस्ता आला, दोन्ही बाजूंना झाडं. ऋतुजाने जोर चालू केला. दादाने चाक जरासं डावीकडे केलं.

चाकाने सरळ व्हायला पाहिजे होतं. त्याऐवजी ते डावीकडेच धावलं, त्याच्या हातांना ओढत, शेवटपर्यंत, आणि खाटकन आपटलं. पडद्यावरची गाडी झाडात गेली. ऋतुजाने स्विच मारला.

"सॉरी सॉरी पप्पा! वायर उलटी लागलीये. मधे आणायच्या ऐवजी बाहेर ढकलतंय. आत्या, लाल-काळी बदल ना."

मी पक्कड घेतली.

"थांब," दादा म्हणाला. "कुनी बोलू नका. परत चालू कर."

"अहो पप्पा, लागेल हाताला..."

"जोर कमी कर आन् चालू कर."

तिने केलं. त्याने चाक जरा हलवलं, चाकाने पुन्हा ओढलं. त्याने धरून ठेवलं. सोडलं. पुन्हा धरलं. उजवीकडे करून बघितलं, तसंच. तो पडद्याकडे बघत नव्हता, स्वतःच्या मनगटांकडे बघत होता. असं त्याने किती वेळा केलं कोण जाणे. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, हाताला पीठ.

"टायर फुटल्यावर आसंच ओढतं," तो म्हणाला. "दोनदा फुटलाय माजा, घाटात. आधी चाक ओढतं. मागनं हात जातो."

मग त्याने हात चाकावरून काढले आणि मांडीवर ठेवले.

"त्या दिवशी हात आधी गेला."

त्याने हात उलटे करून बघितले.

"स्टेअरिंग माज्या मागनं आलं. गाडीनं न्हाय ओढलं. मीच ओढलं गं तिला."

मला तेव्हा फार भीती वाटली. तो म्हणाला ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जगनने दोनदा गाडी खोलून सांगितलं होतं. पण इतके दिवस आम्हाला ते त्याला पटवून द्यायचं होतं, आणि आता ते त्याला पटलं तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. मी पक्कड धरून पट्ट्याकडे बघत राहिले. ऋतुजा रडत होती. वहिनी आत गेली आणि भांड्यांचा आवाज सुरू झाला.

जेवणं झाली. आमच्या घरात जेवताना एवढं मोठं काही बोलत नाहीत. हात धुऊन दादा टेबलापाशी आला आणि मला म्हणाला, "आता बदल त्या वायरी. बिघडलेलं ठेवू नगं."

मी लाल आणि काळी बदलली. एवढ्याशा कामाला किती वेळ लागतो? त्याने चाक फिरवून सोडलं. ते डोलत मधोमध आलं आणि थांबलं. त्याने पुन्हा केलं. जड हाताने, हलक्या हाताने, एका बोटाने. प्रत्येक वेळी ते परत येत होतं. "ही मोटर चांगली हाय," तो म्हणाला. माझ्या आयुष्यात माझ्या कामाचं त्याने केलेलं हे एकमेव कौतुक.

ते चाक आज माझ्याकडे माळ्यावर आहे. ऋतुजा पुण्याला गेली तेव्हा टेबल वहिनीला परत पाहिजे होतं. कधीतरी धूळ झाडायला काढते तेव्हा हाताने फिरवून बघते. वीज नसताना ते सोडलं तिथेच थांबतं, कुठेही परत येत नाही. पट्टा सैल झाला आहे, मोटर शाबूत आहे. नवीन मुलांना मी आता टेस्टिंग शिकवते तेव्हा मोटर चालू करायच्या आधी दांडा हाताने फिरवायला सांगते. पंपाला त्याचा काही उपयोग नाही. ती मुलं माझ्यामागे हसत असणार, हसोत.

पण अक्षय तृतीयेचं सांगायचं राहिलं.

त्या रविवारनंतर दादाने गाडीचा विषय काढला नव्हता. गाडी बाहेर काढणार म्हणाला नव्हता, नाही काढणार असंही म्हणाला नव्हता. आणि त्याला विचारायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. सणाच्या सकाळी मी रजा टाकून गेले तर टेम्पोवरचं प्लास्टिक काढलेलं, गाडी धुतलेली, पुढे झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं ठेवलेली. दादा इस्त्रीचा शर्ट घालून उभा. वहिनीच्या हातात पूजेचं ताट. तिने माझ्याकडे बघितलं. मी काय करणार होते?

नारळ फुटला. दादा घरात गेला. दारातून मला दिसत होतं: देव्हाऱ्याच्या बाजूच्या खिळ्यावरून त्याने किल्ली काढली, क्षणभर मुठीत धरली आणि बाहेर आला. ऋतुजा त्याच्या आडवी जायला निघाली. वहिनीने तिचा दंड धरला.

गल्लीच्या तोंडाशी संतोष येत होता. घाईघाईने, कपाळाला टिळा, हातात डबा. मला आधी वाटलं सणाचा म्हणून आला असेल. दादाने त्याला हाक मारली.

"किती उशीर? पेट्या काय तुज्यासाठी थांबनार हायत व्हय?" आणि किल्ली पुढे केली. "क्लच जरा वर घेते. सवय व्हईल."

संतोषने किल्ली दोन्ही हातांनी घेतली. गाडीत चढला, बसला, खुर्ची मागेपुढे केली, किल्ली घातली.

"थांब," दादा खिडकीपाशी जाऊन म्हणाला.

संतोषने बघितलं. मग त्याच्या लक्षात आलं. त्याने उजवा हात स्टेअरिंगला लावला, कपाळाला लावला, छातीला लावला.

"हां. आता मार स्टार्टर."

टेम्पो निघाला. वहिनी ताट तसंच धरून उभी होती आणि रडत होती, उघडपणे, पदर न लावता. कुणीतरी मागून म्हणालं, संध्याकाळी डागी आंबा येईल आता. गाडी गल्लीच्या टोकाला गेली, वेग कमी झाला, बोनकोड्याच्या बाजूला वळली. दादा रस्त्याच्या मधोमध उभा होता. दोन्ही हात पोटासमोर धरलेले, मुठी अर्ध्या मिटलेल्या. गाडी वळली तसे ते हात हवेत डावीकडे वळले, आणि गाडी सरळ झाल्यावर आपोआप मध्ये आले.